पौंडाला साठ सेंट

२४ जून २०२३, शनिवार. मॅसेच्युसेट्समधलं घर सोडून आम्ही न्यू जर्सीला आलो त्या दिवशी दुपारी, ट्रकच्या उतरत्या फळीवरून खणांचं कपाट खाली आणताना सामानवाल्या पोरांपैकी एकाचा हात सुटला. आवाज फार मोठा नव्हता, नारळ फुटतो तेवढाच. पुढचा डावा पाय मोडून बाजूला पडला, वरच्या फळीतली जुनी भेग उघडली आणि एका खणाची बाजू सांध्यातून निसटून बाहेर आली. पोरगा पांढराफटक पडला होता. मी त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन रडले.

तिथपासून कपाट पुन्हा चार पायांवर उभं राहीपर्यंत साडेदहा महिने गेले. मधल्या काळात मी भरपाईचे फॉर्म भरले, नको तिथे पैसे घालवले आणि संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गात जाऊन बसले. नंतर ओळखीच्या दोघी-तिघींनी फोन करून विचारलं की तू नक्की केलंस काय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी कपाटाबद्दल. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वूस्टरजवळच्या एका गावात इस्टेट सेल होता. घरातलं माणूस गेलं किंवा म्हातारपणी घर आवरायचं ठरलं की इथे घरातच विक्री मांडतात. चमच्यापासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं निम्म्यात. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चेरीचं लाकूड, चिपेंडेल पद्धत (अठराव्या शतकातली इंग्रजी फर्निचरची शैली), सुमारे १७९०, ४८० डॉलर. आम्हाला २४० ला पडलं. एवढं जुनं आणि एवढं स्वस्त कसं, हा प्रश्न तेव्हाच पडला होता. पुढे कळलं की गडद तपकिरी, जड फर्निचर आता कुणाला नकोय, गेल्या वीसेक वर्षांत त्याचे भाव पार कोसळलेत. १९८९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ऱ्होड आयलंडचं एक लिहायचं डेस्क १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं हे खरं, पण तो हिमालय. आमचं कपाट म्हणजे सावंतवाडीचा नरेंद्र डोंगर.

आता फॉर्म. सामान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर केंद्र सरकारचे नियम लागतात, आणि त्यात भरपाईचे दोन प्रकार आहेत. एक पूर्ण किमतीचा: वस्तू दुरुस्त करून द्यायची, तशीच दुसरी द्यायची किंवा पैसे मोजायचे. त्याचे जास्तीचे पैसे पडतात. दुसरा फुकट, त्यात तुटलेल्या वस्तूच्या वजनावर दर पौंडामागे ६० सेंट मिळतात. किमतीवर नाही, वजनावर. चांदीचं ताम्हण असो की लोखंडी तवा, पौंडाला साठ सेंट. हा फुकटचा प्रकार घ्यायचा तर करारावर वेगळी सही करावी लागते. ती मी केली होती, सकाळी सात वाजता, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, एकही ओळ न वाचता.

बाथरूममधला वजनकाटा आणून आम्ही कपाट तोललं, खण वेगळे आणि सांगाडा वेगळा. १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. गुणिले साठ सेंट. नव्वद डॉलर.

दावा नऊ महिन्यांच्या आत पाठवायचा असतो. कंपनीने ३० दिवसांत पोच द्यायची आणि १२० दिवसांत काय तो निकाल कळवायचा. मी ३ जुलैला पाठवला, पोच २६ जुलैला आली. मग त्यांनी सामानाच्या यादीवर बोट ठेवलं. ट्रक भरताना त्यांचा माणूस प्रत्येक वस्तूपुढे दोन-दोन अक्षरं लिहीत होता: एस-सी म्हणजे ओरखडे, सी-एच म्हणजे टवका उडालेला. आमच्या कपाटापुढे जवळजवळ सगळी बाराखडी होती. 'मोडलेलं' एवढी एकच खूण नव्हती, आणि माझ्याकडे आदल्या रात्रीचे फोटो होते, त्यावर निभावलं. तेव्हा ट्रक भरला जात असताना चहा करत बसू नका, ती यादी वाचा. आणि सामान उतरल्यावर सही करण्याआधी काय मोडलं ते त्याच कागदावर लिहा. चेक ११ ऑक्टोबरला आला.

यात माझा मूर्खपणा असा की करार वाचायच्या आधीच मी एका मूल्यांकन करणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. दीडशे डॉलर फी. त्यांनी रीतसर पत्र दिलं: धडधाकट असतं तर बाजारात ४५० डॉलर. वजनावर पैसे मिळणार असतील तर त्या पत्राला कुणी विचारत नाही. पण निघताना त्यांनी एक खण काढून उलटा केला, तळावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "समोरून काही कळत नाही. इकडून बघत जा." दीडशे डॉलर वाया गेले असं मी म्हणते खरी, पण पुढचं सगळं त्या वाक्यामुळे झालं.

दुरुस्तीवाल्यांपैकी एकाने फोटो बघून १,४०० डॉलर सांगितले, दुसऱ्याने पाच महिन्यांनी फोन करा म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "पाय चिकटवून टाकू या की." मी नको म्हटलं. ते किती बरं झालं ते पुढे येईलच, त्यात माझीच लाज आहे.

ऑगस्टमध्ये काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, व्यवसाय शिक्षण शाळेचं पत्रक टपालात आलं. प्रौढांसाठी 'जुन्या फर्निचरची दुरुस्ती', दहा बुधवार, संध्याकाळी ६ ते ९, फी ३१० डॉलर. काउंटीत राहत असल्याचा पुरावा दिला तर हा दर, नाहीतर जास्त. आमच्या नावाचं वीजबिल अजून आलं नव्हतं, भाडेकरार चालला. शिवाय बोट कापलं तर शाळा जबाबदार नाही, अशा दोन पानांवर सह्या. वर्ग २७ सप्टेंबरला सुरू झाला.

शिकवणारे गृहस्थ पेनसिल्वेनियाचे, सत्तरी ओलांडलेले. इथल्या रीतीने त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची होती, पण मला ते काही जमलं नाही. मनात मी त्यांना मास्तरच म्हणायचे. पहिल्या दिवशी निसटलेला खण घेऊन गेले. त्यांनी तो हातात घेतला, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाले, "न्यू इंग्लंड." मी अवाक. न्यू इंग्लंड म्हणजे मॅसेच्युसेट्ससकट ईशान्येकडची राज्यं, आणि तोवर मी मॅसेच्युसेट्सचं नावही काढलं नव्हतं.

त्यात जादू नव्हती. समोर दिसतं ते लाकूड चांगलं असतं, आमच्या कपाटाला चेरी. आतलं, न दिसणारं लाकूड स्वस्तातलं, आणि ते जवळच्या रानातलं. न्यू इंग्लंडमध्ये पांढरा पाइन. फिलाडेल्फियाकडे हिरवट झाक असलेलं ट्यूलिप पॉपलर. ऱ्होड आयलंडात बऱ्याचदा चेस्टनट, दक्षिणेत पिवळा पाइन. दर्शनी महोगनी कॅरिबियन बेटांवरून जहाजाने येई, पण खणाच्या तळासाठी कुणी लांबून फळी आणत नसे. त्यामुळे कपाटाचं गाव शोधायचं तर खण उघडायचा. पुढे मास्तरांनी आमच्याकडून तेवढंच घोटून घेतलं, कुठलंही कपाट आलं की आधी पुढचा चेहरा झाकायचा.

मग त्यांनी दिवे बंद केले आणि मला टॉर्च खणाच्या तळाला आडवा, अगदी फळीला लावून धरायला सांगितला. तळाच्या खालच्या बाजूला लाटा उमटल्या. ओहोटीच्या वेळी शिरोड्याच्या वाळूवर असतात तशा, एकामागे एक, बोटाच्या रुंदीच्या. भराभर लाकूड काढायच्या रंध्याचं पातं किंचित गोलसर घासलेलं असतं, त्याच्या त्या पन्हळी. फळी उलटी केली तर आतली बाजू, जिथे कपडे राहतात ती, तुळतुळीत. जिथे कपड्याला कूस लागेल तिथे दुसरा रंधा फिरवलाय, जिथे कुणी बघणार नाही तिथे पहिल्यावरच सोडलंय. मला ही लबाडी वाटली. मास्तरांना नाही. फिलाडेल्फियात १७७२ साली छापलेलं फर्निचरचं दरपत्रक आजही आहे, म्हणाले: तीच वस्तू महोगनीत केली तर किती, अक्रोडात किती, कारागिराची मजुरी किती. ज्या कामाचे पैसे दरपत्रकात नाहीत ते काम सुतार करत नाही.

सांधा निसटला होता म्हणून मला तो आतून बघता आला, एरवी कुणाला दिसत नाही. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी डव्हटेलने जोडलेली असते. कबुतराने शेपटी पसरावी तसे दात, मुळाशी अरुंद आणि टोकाला रुंद, एकमेकांत अडकतात, त्यामुळे कितीही वर्षं खण ओढला तरी पुढची फळी उपटून हातात येत नाही. दातांच्या मुळाशी केसाएवढी बारीक रेघ होती, फळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. करवत इथवरच, असं स्वतःला सांगण्यासाठी सुताराने सुळ्याने ओढलेली. ती पुसायची त्याने तसदी घेतलेली नाही. आणि पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला करवतीच्या खुणा ती रेघ ओलांडून तिरप्या पुढे गेलेल्या. मला वाटलं, हात घसरला असेल. मास्तर म्हणाले, मुद्दाम. हा सांधा समोरून बंद असतो, कोपऱ्यात करवत पोचत नाही, तिथे पटाशीने कोरत बसावं लागतं. आतल्या बाजूने करवत थोडी पुढे नेली की कोरणं कमी. चारही खणांत त्याने हेच केलंय. एका दातासारखा दुसरा दात नाही, आणि एकही दात ढिला नाही. खणाच्या मागच्या फळीवर खडूने तीनचा आकडा आहे, वरची शेपटी लांब ओढलेली. कपाट जुळवताना खणांची अदलाबदल होऊ नये म्हणून. दोनशे वर्षांत तो खडू कुणी पुसलेला नाही.

(शेजारच्या बाईंचं ड्रेसिंग टेबल मी हल्ली असंच उघडून पाहिलं. त्याच्या सांध्याला दात नव्हतेच, ओळीने अर्धचंद्र आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गोल खुंटी. विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅपने १८६७ साली पेटंट घेतलेला यंत्राचा सांधा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतला. बाईंना आजीचं टेबल वॉशिंग्टनच्या काळातलं वाटत होतं. मी काही बोलले नाही.)

चिठ्ठीवरचं १७९० मात्र आमच्याही नशिबी टिकलं नाही. चौथ्या बुधवारी नवऱ्याच्या मित्राच्या गाडीतून सांगाडा शाळेत नेला. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या सरळ, उभ्या रेघा होत्या. पाणचक्कीवर वरखाली चालणाऱ्या करवतीच्या त्या. गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात आणि त्या साधारण १८३० नंतर दिसायला लागतात. म्हणजे कपाट त्याआधीचं. पण फळ्यांना मारलेले खिळे घडवलेले नव्हते, पत्र्यातून यंत्राने कापलेले चौकोनी खिळे होते. ते १७९० च्या दशकात नुकते येऊ लागले होते, खेड्यापाड्यांत पोचायला आणखी वेळ लागला. शेजारी जुन्या खिळ्यांची रिकामी भोकं नाहीत, म्हणजे हेच पहिले. मास्तरांनी हिशेब केला: १८०० ते १८३० च्या मधलं, शहरातली फॅशन उशिरा पोचलेल्या एखाद्या गावातलं. मागचे दोन पाय तर कपाटाचे नव्हतेच. त्यांच्यावर कमानीच्या खुणा आणि आत गोल तारेचे खिळे, म्हणजे १८९० नंतर कधीतरी कुणीतरी बदललेले. पितळी कड्यांच्या मागेही प्रत्येक खणाला बुजवलेली दोन मोठी भोकं निघाली. मधल्या काळात तिथे लाकडी गोल मुठी असणार.

मला थोडं वाईट वाटलं. पैशाचं नाही, सहा वर्षं पाहुण्यांना १७९० सांगितलं होतं त्याचं.

सुताराचं नाव मिळेल अशी आशा होती. खणांचे तळ, पाठीची फळी, वरच्या फळीची खालची बाजू, सगळीकडे टॉर्च मारून झाला. काही नाही. त्या काळच्या अमेरिकन फर्निचरवर बहुतेक वेळा नाव नसतंच. ज्यांनी घातलं ते कसं दिसतं हे बघायला एका शनिवारी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या अमेरिकन विभागात गेले. तिथे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या जॉन टाऊन्सेंड या सुताराचं १७६५ सालचं खणांचं कपाट आहे, त्याने स्वतःच्या नावाची आणि सालाची चिठ्ठी चिकटवलेलं. टाऊन्सेंड आणि गोडार्ड ही न्यूपोर्टची दोन क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराणी, आपसात सोयरिक असलेली, पिढ्यानपिढ्या सुतारकामातली. कपाटाच्या दर्शनी भागावर महोगनीत कोरलेले शिंपले आहेत, दोन फुगीर आणि मधला खोलगट. मी बराच वेळ उभी होते. पण खरं सांगू, खणांचे तळ बघता येत नाहीत म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. त्याच विभागात ल्यूस सेंटर नावाचा भाग आहे, गोदामातल्या वस्तू काचेच्या कपाटांत ओळीने ठेवलेल्या. तिथे गर्दी नसते आणि खुर्च्यांच्या बाजू, पाय जवळून बघायला मिळतात. कुणी जाणार असाल तर तिथे जास्त वेळ ठेवा.

आता माझ्या लाजेची गोष्ट. २०१८ मध्ये सगळ्यात खालच्या खणाचा मागचा सांधा हलायला लागला होता. मी दुकानातून पिवळा डिंक आणला, सांध्यात भरपूर ओतला आणि वर दोन दिवस पुस्तकं ठेवली. सांधा दगडासारखा घट्ट झाला, मी खूश. वर्गात तो खण सोडवायचा प्रसंग आला, कारण त्याची बाजूची फळी चिरली होती. इतर सांधे कोमट पाण्याचा बोळा लावून दहा मिनिटांत सुटले. माझा सुटेना. गरम व्हिनेगरचे बोळे, पातळ सुरी, पुन्हा बोळे. तीन बुधवार त्यात गेले. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने केलेलं काम दहा मिनिटांत उलगडत होतं आणि मी पाच वर्षांपूर्वी केलेलं उलगडत नव्हतं. मास्तर एकदाही रागावले नाहीत, प्रत्येक वेळी फक्त व्हिनेगरची बाटली माझ्याकडे सरकवायचे.

जुन्या सुतारांचा डिंक म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून केलेला. बाबांना व्हिडिओ कॉलवर त्याचे दाणे दाखवले, मधाच्या रंगाचे, साखरेपेक्षा जरा जाड. वास फार घाण येतो म्हणून तक्रार केली. बाबा हसले. "गो, तो सरस. वास येतलोच." इंग्रजी नावं वाचून महिनाभर डोकं शिणवलं, आणि आमच्या वाडीतला प्रत्येक सुतार पूर्वी हेच वापरायचा.

सरसाची पद्धत अशी. दाणे बुडतील एवढ्या गार पाण्यात दोनेक तास भिजवायचे, जेलीसारखे फुगतात. मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करायचे, साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत. उकळू द्यायचे नाहीत, चिकटपणा जातो. मी मुलाचा दुधाची बाटली गरम करायचा जुना वॉर्मर वापरला, छान चालतो. चमच्यावरून सरस तुटक थेंबांऐवजी सलग धारेने पडला की झाला. पुढे घाई असते, कारण गार पडला की मिनिटाभरात तो थिजतो. म्हणून लाकूड आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या आणि सरस लावायच्या आधी सांधा एकदा कोरडा जुळवून बघा. मी नाही बघितला, पहिल्या खेपेला अर्धा सांधा आत आणि अर्धा बाहेर असा थिजला. पण सरस असल्यामुळे पुन्हा गरम पाणी, पुन्हा सुरुवात. शिवाय नवा सरस जुन्या सरसाला धरतो, बाकीचे डिंक धरत नाहीत. सांध्यातला जुना थर खरवडून काढताना चांगलं लाकूड जातं, ते वाचलं.

पाय जोडणं त्यामानाने सोपं निघालं. तो लाकडाच्या रेषेवरच तुटला होता, दोन तुकडे चपखल बसत होते. इंचभर ढलपी हरवली होती, तिथे चेरीचा तुकडा घातला. पायाच्या मागे आतल्या कोपऱ्यात पाइनचा एक ठोकळा असतो. त्याच्या रेषा उभ्या, पायाच्या आडव्या. लाकूड रुंदीला आकसतं, लांबीला नाही, त्यामुळे दोघं दोनशे वर्षं एकमेकांशी भांडत होते आणि पाय आतून आधीच चिरला होता. ट्रकवरच्या पोराने फक्त शेवटचा धक्का दिला. हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा उरलासुरला राग गेला. ठोकळा बसवायला शिकंजाही लागत नाही. दोन्ही बाजूंना सरस लावायचा आणि जागेवर ठेवून मागेपुढे घासायचा. चार-पाच वेळा सरकतो, मग एकदम हातात अडकतो, जणू कुणी पलीकडून धरलंय. तो क्षण मला अजून आवडतो.

वरची फळी खालून सात स्क्रूंनी बसवलेली होती. हे स्क्रू हाताने केलेले, टोक बोथट, डोक्यावरची खाच मध्यातून सरकलेली. एकासारखा दुसरा नाही, म्हणून ज्याचं भोक त्यालाच. पुठ्ठ्यावर कपाटाचा नकाशा काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. डबीत टाकले असते तर संपलंच होतं. भेग बुजवायची का, यावर बराच खल झाला. मास्तर नको म्हणाले. जानेवारीत हीटर चालू असताना ती भेग नाण्याच्या जाडीएवढी उघडते, ऑगस्टमध्ये नखही जात नाही. हिवाळ्यात बुजवली तर उन्हाळ्यात फळीला फुगायला जागाच उरणार नाही. स्क्रू थोडे ढिले ठेवून परत बसवली.

६ डिसेंबरला वर्ग संपला, पॉलिश राहिलं. त्याआधी एक अडचण आली. एका खणाच्या आत निळा रंग होता. अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर १९७८ साली बंदी आली, त्याआधीचा कुठलाही रंग शिशाचा असू शकतो. घरात लहान मूल असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका. नखाएवढा पोपडा प्रयोगशाळेत पाठवला, ४५ डॉलर, आठवड्याने उत्तर: शिसं आहे. मग त्याला पॉलिश पेपर लावला नाही, ओल्या फडक्याने पुसून वरून लाखेचे दोन हात दिले. आता त्या खणात टेबलक्लॉथ असतात, मुलाचं काही नाही.

गॅरेजमध्ये थंडी होती म्हणून पॉलिशसाठी एप्रिलपर्यंत थांबले. जुनं पॉलिश कशाचं आहे ते आधी बघायचं असतं. आडबाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकला, अर्ध्या मिनिटात तिथला भाग चिकट झाला, म्हणजे लाख. स्पिरिटने काही झालं नसतं तर ते लाखेचं नाही, दुसरंच काहीतरी वार्निश असतं. लाख असली की सगळं खरवडायची गरज नाही, नवी लाख जुन्यात विरघळून मिसळते. म्हणून जुन्या कपाटाला मशिनने घासून 'नवं' करायला निघालेल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी हा एक थेंब टाकून बघा.

लाखेची चपडी मागवली, पाव किलोच्या आसपास. पाकिटावर बारीक अक्षरांत: भारतात तयार झालेलं. पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवर किडे ही लाख करतात, झारखंड-छत्तीसगडकडे. सावंतवाडीच्या गंजिफ्यांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरही, तिचाच हात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले सुतारही आपल्या कपाटांना हेच लावत होते, आणि मी ती सात-आठ हजार मैलांवरून आलेली विकत घेत होते. पाव लिटर स्पिरिटला ६० ग्रॅम, रात्रभर ठेवून मधूनमधून हलवायची, फडक्यातून गाळायची. सहा महिन्यांत संपवा, नंतर वाळत नाही. बोळ्यासाठी आत कापूस आणि बाहेर जुनं, खूप धुतलेलं सुती कापड. माझ्याकडे आईच्या साडीचा तुकडा होता. बोळा कधी मध्येच थांबवायचा नाही, विमान धावपट्टीला टेकून परत उडावं तसा फळीवरून न्यायचा. एका पावसाळी रविवारी उतावीळ होऊन हात मारला तर सगळ्या फळीवर दुधाळ ढग आले. कोरड्या हवेच्या दिवशी स्पिरिटचा नुसता ओलसर बोळा फिरवल्यावर गेले. बोळा सरकावा म्हणून जवसाचं तेल वापरत असाल तर ती फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवा.

१२ मे २०२४ ला खण आत सरकवले. खर्चाचं म्हणाल तर मूल्यांकन १५०, वर्ग ३१०, शिसं ४५, शिकंजे ७०, चेरीचा तुकडा २०, सरस-लाख-स्पिरिट मिळून ८५. एकूण ६८० डॉलर. भरपाई ९०. कपाटाची बाजारातली किंमत, धडधाकट असताना, ४५०. हा हिशेब नवऱ्याला मी लेखातूनच सांगतेय.

तिसरा खण दमट दिवसांत अजून अडकतो, त्याच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासते.

शेवटचं काम मास्तरांनी सांगितलेलं. एका कागदावर काय केलं ते लिहून पाकिटात घातलं आणि ते सगळ्यात खालच्या खणाखाली, रंध्याच्या त्या लाटांजवळ, सांगाड्यात नुसतं ठेवून दिलं. काही चिकटवलं नाही. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी: पुढचा डावा पाय २०२३ मध्ये मोडला. इंचभर तुकडा नवा आहे. मागचे दोन पाय आमच्या आधीच्यांनी बदललेले. निळ्या रंगात शिसं आहे, घासू नका. सगळीकडे सरस वापरलाय, कोमट पाण्याने सुटेल.